सामनेवाल्याची बाजू

जळगाव,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय गुलाबआत्या,
सप्रेम जय भीम.

"हळू बोल, म्हणजे लोक पुढे सरकून ऐकतील." मी पाचवीत असताना तू माझ्या कानात हे म्हणाली होतीस. यावलला जयंतीच्या मंडपात माझं भाषण होतं आणि माइक बिघडला होता. काल मूट कोर्टाच्या फायनलला उभी राहिले तेव्हा आधी ते वाक्य आठवलं, कलमं नंतर. आणि लोक खरंच पुढे सरकले, आत्या! आमच्या जोडीला दुसरा नंबर मिळाला, पण उत्कृष्ट वक्त्याचं बक्षीस मला.

फोनवर सांगितलं असतं. पण तुझ्या त्या प्लायवूडच्या भिंतीला पलीकडून अख्खं घर कान लावून बसलेलं असतं. म्हणून पत्र. माझी जोडीदार चेलना शनिवारी धुळ्याला घरी येते, ती हातात आणून देईल.

मूट कोर्ट म्हणजे खोटा खटला, पण भांडायचं अगदी खरं. सगळ्यांना एकच प्रकरण देतात. यंदाचं वाचून मी आणि चेलना एकमेकींकडे बघतच राहिलो. विधवा बाई, सासरचं घर, काही महिने बाहेर राहिली, परत आली तर दिराचं कुलूप. चेलना म्हणाली, "अगं, ही तर तुझी आत्याच!" तयारी करून घेणाऱ्या मोनाली मॅडम म्हणाल्या, अशी आत्या दर गल्लीत एक असते, पुढे वाचा.

बाजू निवडता येत नाही, नाणं उडवतात. सेमीफायनलपर्यंत आम्ही त्या बाईकडून बोललो. फायनलला छापा पडला आणि आमच्या वाट्याला आला सामनेवाला, म्हणजे दीर. मला रडूच यायचं बाकी होतं. चेलना म्हणाली, "रडायचं असेल तर आत्ता रडून घे, गाऊन घातल्यावर नाही."

वर तीन जण बसले होते. मधले धुळ्याचे मोठे वकील, पितांबर साहेब. ते फार कमी बोलतात आणि विचारतात ते थेट. त्यांनी मला विचारलं, "पाहुणी म्हणून जाणं आणि घर सोडून जाणं, हा फरक न्यायालयानं ओळखायचा कसा?" आत्या, हे आमच्या तयारीत कुठेच नव्हतं. पण तू जळगावच्या खोलीवर आलीस तो दिवस डोळ्यांसमोर उभा राहिला. मी म्हणाले, "महोदय, जाताना तिनं काय उचललं ते पाहावं. पाहुणी कपडे नेते. रोज ज्यांच्यासमोर हात जोडायचे त्या तसबिरीच भिंतीवरून उतरवून नेल्या, तर तिनं घरच नेलं. मागे राहिल्या त्या नुसत्या भिंती."

पितांबर साहेबांनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. नंतर चहाच्या वेळी स्वतःहून आले आणि म्हणाले, "हे पुस्तकातलं नाही. सुट्टीत माझ्याकडे शिकायला या."

रागावू नकोस. तुझं नाव घेतलं नाही. पण बक्षीस निम्मं तुझंच आहे.

तुझी,
मृणाली

*

धुळे,
१६ फेब्रुवारी

चि. मृणाली,
जय भीम.

चेलनानं पत्र दिलं. मी वकिलांच्या गाऊनला काजं करत बसले होते, तिच्यासमोरच वाचलं. तिला वाटलं मी आनंदानं रडतेय. होतेच आनंदात. तुझे फुवा असते तर त्यांनी साऱ्या कॉलनीला शेव-जिलेबी वाटली असती.

तुला गाऊनवर गळ्यात लावायच्या सुती बँडच्या दोन नव्या जोड्या पाठवते. मानेला टोचू नये म्हणून पट्टी आत दुमडली आहे. राज्याच्या स्पर्धेला लाव.

एक-दोन गोष्टी विचारायच्या होत्या, उगीच मनात आल्या म्हणून. ते मधले साहेब, त्यांनी काय टिपून घेतलं ते तुला दिसलं का? माझं माहेरचं, म्हणजे आपलं यावलचं आडनावच तिथे लावलंस ना? माझं सासरचं कुणी बोललं नाही ना? आणि ते वाक्य तू सगळ्यांसमोर बोललीस की फक्त त्यांना ऐकू गेलं?

इकडे नवीन काही नाही. भाऊजींनी वकील बदलला. आधीचे नुसत्या तारखा मागायचे. नवे तयारीचे आहेत, असं भाऊजी जेवताना मुद्दाम मोठ्यानं सांगतात, मला पलीकडे ऐकू यावं म्हणून. "हाई घर मन्हं शे. आते वकील बी मोठा शे." मी मशीन जोरात चालवते. म्हणणं त्यांचं तेच आहे: वहिनींनी आपखुशीनं घर सोडलं, तोंडी वाटणी झाली, आता हक्क कसला? कोर्टानं निकालापर्यंत ही पुढची खोली मला दिली आहे, तेवढीच त्यांना टोचते.

दहा मार्चला माझा उलटतपास आहे. तेजस वकील, ते विधी सेवा प्राधिकरणाकडून दिलेले, म्हणाले की घाबरू नका, विचारतील तेवढंच सांगा. तू त्या दिवशी येऊ नकोस. तुझा अभ्यास बुडेल.

तुझी,
आत्या

*

जळगाव,
२३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

तू रागावलीस. नाही म्हणू नकोस. तुझे प्रश्न मी तीनदा वाचले. माझ्या घरातली गोष्ट चार लोकांत का सांगितलीस, हेच तुला विचारायचं होतं, पण तू आडून विचारलंस. माझं चुकलं. तसबिरींचं बोलायचं नव्हतं. पण आत्या, तिथे कुणालाच माहीत नव्हतं की खरी कुणी बाई आहे. तिथे ते फक्त उदाहरण होतं.

बँड सुरेख झालेत. चेलनानं एक पळवला. म्हणते, "मी खटले हरले तरी मान तरी टोचायला नको."

आता चांगली बातमी. पितांबर साहेबांच्या ऑफिसातून खरंच पत्र आलं. मे महिनाभर त्यांच्याकडे काम शिकायचं. वर्गातल्या मुली जळफळताहेत, कारण त्यांच्याकडे वर्षाला एखादाच विद्यार्थी घेतात. पप्पांना फोन केला तर म्हणाले, "तुझ्या आत्यानं तेव्हा हट्ट केला नसता तर तू आज घरी बसली असतीस." पहिल्या वर्षी मला हॉस्टेल मिळालं नव्हतं आणि यावलची संध्याकाळची बस दोनदा चुकली, तेव्हा पप्पा नाव काढून घ्यायला निघालेच होते. तू धुळ्याहून आलीस आणि खोली घेतलीस. तो विषय घरात अजून निघतो.

तर मे महिन्यात मी तुझ्याकडेच राहणार. पुढच्या खोलीत दोघी मावू. दिवसा ऑफिस, संध्याकाळी तुला काजं करून देईन. वाकडी होतील, पण करीन. भाऊजींना काय बोलायचं ते बोलू देत. सांग, येऊ ना?

मृणाली

*

धुळे,
१२ मार्च

मृणाली,
जय भीम.

मे महिन्यात इकडे राहायला येऊ नकोस. जागा नाही.

त्या साहेबांकडे शिकायची संधी सोडू नकोस, मात्र माझ्याकडे उतरू नकोस. चेलनाच्या घरी राहा किंवा मुलींचं वसतिगृह बघ. त्यांच्या ऑफिसात माझा विषय काढायचा नाही. धुळ्यात तुझं कुणी आहे का असं विचारलं तर ओळखीचे आहेत म्हण.

दहाची तारीख झाली. ठीक झाली.

आत्या

*

जळगाव,
१६ मार्च

आत्या,

तू मला कधीच इतकं छोटं पत्र लिहिलं नव्हतंस. पण "ठीक झाली" म्हणजे काय ते मला आता कळलं आहे, तुझ्याकडून नाही.

चेलना मामेबहिणीच्या लग्नासाठी सोमवारी धुळ्यातच होती. तिला वाटलं, खरा उलटतपास बघू आणि तुझ्या सोबतीलाही राहू. म्हणून ती कोर्टात मागच्या बाकावर येऊन बसली. तू तिला पाहिलं नाहीस. ती परत आली तेव्हा तिच्या हातांवरची मेंदी ओलीच असल्यासारखी ती हात अंगापासून लांब धरून उभी होती. मी म्हणाले, "काय झालं, लग्न मोडलं का?" ती म्हणाली, "मृणू, खाली बस."

मग तिनं सांगितलं. भाऊजींचे नवे वकील म्हणजे पितांबर साहेब. ते उठले, चष्मा पुसला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, जळगावला जाताना वंदनेच्या तसबिरी भिंतीवरून काढून नेल्या होत्या का?"

तू म्हणालीस, "हो."

"दोन्ही?"

"हो."

"मग भिंतीवर काय राहिलं?"

तू म्हणालीस, "खिळे." आणि मागे बसलेली माणसं हसली.

"पाहुणी म्हणून जाणारी बाई घरच्या तसबिरी नेते?" तू गप्प. "म्हणजे आपखुशीनं घर सोडलंत, वाटणी झाली होती म्हणूनच नेल्यात, असं मी म्हणतो." तू तेवढंच म्हणालीस, "वाटणी झाली नव्हती."

तू माझं पहिलं पत्र वाचलंस तेव्हाच तुला कळलं होतं. म्हणून ते प्रश्न. म्हणून "येऊ नकोस." तू एक महिना हे घेऊन बसलीस, बँड शिवलेस, आणि मी तुला लिहीत होते की मी त्यांच्याकडे शिकायला येणार! आत्या, मी त्यांच्या हातात सुरी दिली आणि वर बक्षीस घेतलं.

पण एक गोष्ट मला समजत नाही. तसबिरी तू का आणल्यास हे आपल्या दोघींनाच माहीत आहे. मी फोनवर रडले होते की त्या खोलीच्या भिंती कोऱ्या आहेत, वंदना कुठे बघून म्हणू, येताना आपल्या घरातल्या आण. मीच मागितल्या होत्या! तू हे का सांगितलं नाहीस? "भाची लहान होती, घाबरली होती, तिच्यासाठी नेल्या." एवढं एक वाक्य. मशीन धुळ्यातच होतं, तेही सांगता आलं असतं. दर पंधरवड्याला तू जाऊन घर झाडून यायचीस. तू नुसतं "हो" का म्हणालीस?

उत्तर दे. चेलना शनिवारी येईल आणि पत्र घेतल्याशिवाय हलणार नाही, असं मी तिला सांगितलं आहे.

मृणाली

*

धुळे,
२२ मार्च

चि. मृणाली,
जय भीम.

चेलना मशीनजवळ बसली आहे आणि खरंच हलत नाही. तिच्या वडिलांचा दोनदा फोन आला. तेव्हा लिहिते.

सुरी-बिरी काही नाही. तुला नाण्यानं जी बाजू दिली ती तू बोललीस. त्या साहेबांना भाऊजींनी जी बाजू दिली ती ते बोलले. चांगली गोष्ट ऐकली तर माणूस लक्षात ठेवणारच. मीही कुणाच्या गाऊनला चांगली चुणी बघितली की घरी येऊन तशी घालून बघते.

का सांगितलं नाही ते विचारतेस. भाची म्हटलं की नाव विचारणार. नाव, शिक्षण, कुठे शिकते. मग त्या साहेबांनी चष्म्यातून बघून ओळखलं असतं, आणि कागदावर कायमचं लिहिलं गेलं असतं की ही तीच मुलगी. धुळ्याचं कोर्ट लहान आहे. मी तिथल्या निम्म्या वकिलांचे गाऊन शिवते, मला माहीत आहे कोण कुणाबद्दल काय बोलतं. तुला तिथे अजून चाळीस वर्षं उभं राहायचं आहे. मला एका खोलीत राहायचं आहे.

हे एक कारण. दुसरं तुला लिहू की नको, याचा मी आठवडाभर विचार केला.

तू तसबिरी मागितल्यास हे खरं. पण मी तुला बाजारातून नव्या आणू शकले असते. स्टेशनजवळ मिळतात. फुव्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात मी बोलले तर चमचा पडल्यासारखं सगळे बघायचे, बोलले नाही तर जाऊबाई म्हणायच्या, "वहिनींना गर्व शे." स्टुलावर चढून बाबासाहेबांची तसबीर उतरवली तेव्हा मागे धुळीचा चौकोन दिसला. मी तो पुसला नाही. मला वाटलं, आता परत यायचंच कशाला. तसबिरी साडीत गुंडाळताना मी हलकी झाले होते, मृणाली. बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून झोपले, कित्येक महिन्यांनी.

तेव्हा तू स्पर्धेत जे बोललीस ते खोटं नव्हतं. तू माझ्याकडे बघून ओळखलंस, आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून "भाचीसाठी" निघेना, कारण ते निम्मंच खरं होतं. तिथे पंचशीलाची शपथ घेतल्यासारखं वाटतं मला. निम्मं बोलता येत नाही.

पण नंतर दर पंधरवड्याला मी जात होते, तेही खरं. पहिल्या खेपेला वाटलं, उरलेलं सामान आणू. दुसऱ्या खेपेला खिडकीत फुव्यांनी काढ्यासाठी लावलेली तुळस सुकलेली दिसली, तिला पाणी घातलं. मग पाणी घालायला म्हणून जाऊ लागले. कधी मन फिरलं ते सांगता येणार नाही. तुला हॉस्टेल मिळालं तेव्हा मी आनंदानं तसबिरी परत गुंडाळल्या. आले तर कुलूप.

बाई घर सोडायचं मनात आणते आणि मग परत यायचं मनात आणते. याला तुमच्या पुस्तकात काही जागा असेल तर मला कळव. नसेल तर राहू दे. भाऊजी जिंकले तर यावलला तुझ्या पप्पांकडे येईन. त्यांनी तसं सांगितलं आहे.

तू मात्र मे महिन्यात त्या साहेबांकडे जा. माझ्यासाठी जा. त्यांचं शिकवणं चांगलं आहे, मी अनुभवलं आहे.

तुझी,
आत्या

*

जळगाव,
२६ मार्च

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

तुझं शेवटचं वाक्य चेलनाला वाचून दाखवलं तर ती आधी हसली, मग उठून बाहेर गेली.

तुझं पत्र मी मोनाली मॅडमना दाखवलं नाही. फक्त तुझं नाव न घेता खटला सांगितला आणि विचारलं की बाईनं मनातून घर सोडलं असेल आणि नंतर परत यायचं ठरवलं, तर हक्क जातो का? मॅडमनी पुस्तक न उघडता सांगितलं की कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात "कधीही राहिली असेल तरी" असे शब्द आहेत. मनाचा हिशेब तिथे नाही. प्रश्न उरतो तो तोंडी वाटणीचा. ती झाली असं भाऊजींना दाखवायचं आहे, आणि त्यांच्याकडे साक्षीदार नाहीत, तुझ्या त्या "हो"शिवाय काही नाही. त्या "हो"ला त्यांनी वाटणीचा अर्थ चिकटवला आहे. तो सोडवायचा तर तसबिरी का गेल्या हे कुणीतरी सांगायला हवं. मॅडम पुढे म्हणाल्या, "असा माणूस आहे का?" मी म्हणाले, "आहे."

मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. कॉलेजचं विधी सहाय्य केंद्र उघडून दिलं, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "बस, जे आठवतं ते शांतपणे लिही."

सोमवारी मी पितांबर साहेबांना फोन केला. आधी वाटलं होतं ईमेल करावा, पण ते पळून जाणं झालं असतं. मी म्हणाले, "सर, मी मे महिन्यात येऊ शकत नाही. तुमच्यासमोर जी बाई आहे ती माझी आत्या आहे." मागे कुणीतरी फाइल मागत होतं. मग ते म्हणाले, "मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी विचारलं असतं, प्रश्न चांगला होता." मी म्हणाले, "उत्तर माझं होतं, सर." ते म्हणाले, "म्हणूनच." आणि थोड्या वेळानं, "साक्षीला आलात तर उलटतपास मीच घेईन. सौम्यपणे घेणार नाही." फोन ठेवताना त्यांनी मला "मृणालीताई" म्हटलं. का ते कळलं नाही.

तर तू ज्या कारणासाठी मला लपवलंस ते आता उरलं नाही. त्यांना ठाऊक झालं आहे.

आता माझं म्हणणं ऐक. मी तिथे उभी राहिले तर ते विचारतील, स्पर्धेत हे वाक्य तुम्हीच बोललात का? मी हो म्हणेन. तेव्हा तुम्हाला ते खरं वाटत होतं का? मी म्हणेन, मला बाजू दिली होती. मग ते विचारतील, आणि आज? तुमच्या आत्यानं तुम्हाला कधी सांगितलं का, की परत यायचं नव्हतं? आत्या, तुझ्या पत्राआधी मी बेधडक "नाही" म्हटलं असतं. आता म्हणू शकत नाही. तू मला खरं सांगितलंस आणि तिथेच मला अडकवलंस, आणि मला त्याचा राग येत नाही, हेच मला विचित्र वाटतं.

मी रात्रंदिवस यावर विचार करते आहे. पळवाट सापडते का बघितलं, नाही सापडली. निम्मं तुला बोलता येत नाही, मलाही येणार नाही. म्हणून मी सगळं बोलणार: की मी रडून तसबिरी मागितल्या. की तू त्या आणल्यास आणि त्या दिवशी तुझा चेहरा सुटकेचा होता. की मशीन तिथेच होतं. की तू दर पंधरवड्याला जायचीस आणि परत आलीस की खोलीभर धुळ्याच्याच गोष्टी असायच्या, कुणाचं बाळंतपण, कुठला नळ. की हॉस्टेलचं पत्र आलं त्या संध्याकाळी तू माझ्याआधी सामान बांधलंस. हे सगळं एकत्र ऐकलं तर न्यायाधीशांना एक बाई दिसेल, वाटणी दिसणार नाही. मला तसं वाटतं. खात्री नाही. उलटंही होऊ शकतं, आणि झालं तर तुझी खोली माझ्या तोंडून जाईल, दुसऱ्यांदा.

आणि तुझ्या मनातली ती गोष्ट, जी तू फुव्यांनाही सांगितली नसतीस, ती भाऊजी आणि जाऊबाई पहिल्या बाकावर बसून ऐकतील. रात्री प्लायवूडच्या पलीकडून ती तुला परत ऐकवतील. हे मला कळतं. म्हणूनच न विचारता तेजस वकिलांकडे गेले नाही. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, पण घर तुझं आहे आणि मनही तुझं.

पुढची तारीख सात एप्रिल. साक्षीदाराचा अर्ज त्याच्या आधी द्यावा लागतो. तू म्हणशील, अभ्यास कर. म्हणशील, यावलला चांगलं आहे, तिथेही मशीन चालतं. चेलनाच्या हाती बँडची आणखी एक जोडी पाठवशील आणि पत्रात या विषयाचा शब्दही नसेल. मी तुला ओळखते, तू नाहीच म्हणणार आहेस.

तरी विचारते. मला साक्षीला बोलाव, आणि तू लिहिलंस ते सगळं तिथे बोलायची परवानगी दे.

तुझी,
मृणाली